37 च्या टाकीत 38 लिटर गेलं कसं? पंपाचं माप तपासण्याबद्दल

विचारणाऱ्याचं गाऱ्हाणं थोडक्यात असं. गणपतीला मुंबईहून गावी निघाले, महाड ओलांडल्यावर रिझर्व्हचा दिवा लागला, महामार्गावरच्या एका पंपावर टाकी फुल करायला सांगितली. गाडीच्या पुस्तकात टाकी 37 लिटरची. पावती आली 38.4 लिटरची, ₹4,000 ची. दिवा लागतो तेव्हा टाकीत चार-पाच लिटर असतंच, म्हणजे 37 च्या भांड्यात 43 लिटर मावलं. पंपाने गंडवलं का, आणि पुढच्या वेळी हे जागच्या जागी कसं पकडायचं? जोडीला त्यांच्या हर्णैच्या मामांचा प्रश्न: बोटीत एका खेपेला हजार लिटर डिझेल घेतो, तिथे काय बघायचं?

मी पंपाची मशीनं दुरुस्त करतो. पेणपासून बांद्यापर्यंत बावीस वर्षं याच रस्त्यावर काढली. परवाना वजनमापे खात्याचा, कागदावर ज्याला वैधमापन शास्त्र म्हणतात. पंपमालकांचा चहा प्यायलोय आणि त्यांच्या मशीनचं पोटही उघडून बघितलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकेन.

आधी 37 चा हिशेब. पुस्तकात छापलेली क्षमता म्हणजे टाकी काठोकाठ भरल्यावरचं माप नव्हे. पेट्रोल तापलं की फुगतं, त्याची वाफ होते, त्यासाठी वर मोकळी जागा सोडलेली असते. नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून बंद होतं तिथवरचा आकडा कंपनी छापते, तोही जरा हातचं राखून. त्यानंतर पोरगा ‘राउंड फिगर करतो साहेब’ म्हणत आणखी चार वेळा दाबतो, तेव्हा ते पेट्रोल मोकळ्या जागेत आणि गळ्याच्या नळीत चढत जातं. छापील आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त बसणं यात नवल काहीच नाही. तुमची पावती बरोब्बर ₹4,000 ची आहे, म्हणजे राउंड फिगर झालेलीच आहे.

दुसरं असं, की चोरी करणारा एवढी मोठी करत नाही. 43 मध्ये 6 म्हणजे चौदा टक्के. तेवढं मारलं तर पंपावरचा रोजचा रिक्षावाला तिसऱ्या दिवशी दगड घेऊन येईल. मी ऐकलेल्या-पाहिलेल्या चोऱ्या लिटरमागे 30, 40, फार तर 50 मिलीच्या. 40 लिटरला दोन लिटर, म्हणजे दोनशे रुपये. गाडीच्या काट्यावर ते दिसत नाही, अ‍ॅव्हरेजवरही कळत नाही. कशेडी घाटात दोन वेळा गिअर उतरवला तरी अ‍ॅव्हरेज त्याहून जास्त हलतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून थेट पंपावर आळ घेऊ नका.

म्हणून पहिली गोष्ट: टाकीवरून, काट्यावरून, अ‍ॅव्हरेजवरून पंपाचं माप ठरत नाही. बाटलीवरूनही नाही. पाण्याची एक लिटरची बाटली बुचापर्यंत भरली तर लिटरपेक्षा जास्त मावतं, त्यामुळे खरं लिटर दिलेलं असलं तरी ती रिकामी दिसते आणि माणूस भांडायला उभा राहतो. त्यात प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देणं नियमात बसत नाही आणि धोक्याचंही आहे. पेट्रोलचं माप पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापानेच काढायचं. त्याच्याकडे येतोच, पण आधी मशीनच्या आत काय चालतं ते कळलं तर चोरी कुठे होऊ शकते आणि कुठे होऊच शकत नाही हे लक्षात येईल.

जमिनीखालच्या टाकीतून पंप पेट्रोल वर ओढतो, ते आधी हवा वेगळी करणाऱ्या भांड्यातून जातं आणि मग मीटरमध्ये येतं. मीटर म्हणजे पिस्टनचा डबा. पेट्रोलच्याच जोराने पिस्टन सरकतात आणि दांडा फिरतो, एका फेरीला ठरावीक माप, बऱ्याच मशीनांत अर्धा लिटर. त्या दांड्याच्या टोकाला पल्सर नावाची डबी असते. दांडा फिरला की ती विजेचे ठोके पाठवते. वरचं सर्किट ठोके मोजतं, दराने गुणतं आणि तुम्हाला रुपये-लिटर दाखवतं. मीटरला एक बारीक चाकी असते, ती फिरवून माप पाच-दहा मिलीने पुढे-मागे करता येतं. या चाकीवर आणि पल्सरवर निरीक्षक तार ओवून शिशाचं सील मारतो. सीलवर वर्ष आणि A, B, C, D यांपैकी तिमाहीचं अक्षर उठवलेलं असतं. ही पडताळणी दर 12 महिन्यांनी करून घ्यावी लागते. मला दुरुस्तीसाठी सील तोडावं लागलं तर खात्याला कळवून, नवं सील लागल्याशिवाय त्या नोझलवर विक्री करता येत नाही. आमच्याकडे खाऱ्या हवेने सीलची तारही गंजून तुटते, तो वेगळा ताप. मालक बिचारा घामाघूम होतो, कारण तुटलेलं सील दिसलं की खुलासा त्यालाच द्यावा लागतो.

आता एक गंमत सांगतो, जी गिऱ्हाइकांना खरी वाटत नाही. मीटर झिजला तर नुकसान बहुतेक वेळा मालकाचं होतं. पिस्टनची कडा झिजली की थोडं पेट्रोल न मोजता बाजूने निसटतं आणि तुमच्या टाकीत फुकट पडतं. सकाळी टाकीत काठी घालून डीप काढली की मालकाला ते तुटीत दिसतं आणि दहा वाजता माझा फोन वाजतो. ‘माप प्लस जातंय, आजच या.’ माप मायनस जातंय म्हणून एवढ्या घाईचा फोन मला बावीस वर्षांत क्वचितच आला. यातून काय समजायचं ते समजा.

मग चोरी होते कुठे? बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर, माणसाच्या हातात आणि तुमच्या नजरेच्या आड. सगळ्यात जुनी आणि अजून चालणारी युक्ती अशी: तुम्ही 500 चं सांगता, पोरगा 200 ला थांबवतो. ‘अरे, 500 म्हणालो’ म्हटल्यावर ‘हो हो, सॉरी’ म्हणून पुन्हा सुरू करतो. तेवढ्यात दुसरा येऊन विचारतो, कार्ड की यूपीआय, काच पुसू का. तुम्ही मान वळवता. आता मशीन शून्यावरून 300 पर्यंत गेलं तर ठीक, हिशेब बरोबर. पण ते शून्यावर न आणताच 200 वरून पुढे 300 पर्यंत नेऊन, किंवा शून्यावर आणून 200-250 लाच थांबवून 500 घेतले, तर तुम्हाला कळत नाही. यावर तोडगा साधा आहे. गाडीतून उतरा. शून्य बघा. आकडा थांबेपर्यंत डिस्प्लेवरून नजर हलवू नका. पैसे त्यानंतर. मध्येच थांबवलं तर ‘तेवढ्याचीच पावती दे, पुढचं नवीन’ म्हणा. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात पंपावर रांग असते, पोरं मागून होर्न ऐकत असतात, तुम्ही प्रवासाने आंबलेले असता. ही युक्ती तेव्हाच चालते, फेब्रुवारीतल्या दुपारी नाही.

शून्य बघा म्हणतात, पण सुरू होताच आकडा एकदम पाच-सात रुपयांवर उडाला म्हणून घाबरू नका. मशीन मिनिटाला 30 लिटरने सोडत असेल तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे पन्नासेक रुपये. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पाच रुपये होतात, तेवढ्या वेळात डिस्प्ले एकदाच बदलतो. सुरू होताच दहा-वीस रुपये पडले आणि नंतर चाल संथ झाली, तर मात्र माप मागा.

नोझल थांबून थांबून दाबलं की हवा जाते, पाइप वर उचलला की पेट्रोल परत फिरतं, 100 ऐवजी 110 चं घेतलं की चोरी टळते, या सगळ्या बाता. पाइप सुरुवातीलाही भरलेला असतो आणि शेवटीही भरलेलाच राहतो, मधे मीटरमधून गेलं तेवढं तुम्हाला मिळतं. फरक पडला तर नोझलच्या तोंडातल्या चार थेंबांचा. थोडा धीर धरा, पोराला नोझल झटकून काढू द्या, झालं. सकाळी थंडाव्यात भरलं की जास्त मिळतं, हेही तसंच. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक एवढं फुगतं हे खरं, पण ते असतं जमिनीखाली, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी दहा लिटरला 20 मिली. त्यासाठी पहाटे पाचला उठायचं असेल तर उठा. तापमानाचा खरा फटका मालकाला बसतो. उन्हातून आलेला 12,000 लिटरचा टँकर टाकीत उतरल्यावर पाच अंशांनी थंड झाला की साठेक लिटर कागदावरून गायब होतात.

मशीनच्या आतली चोरी असते ती पल्सरमध्ये किंवा सर्किटमध्ये. पल्सरने 100 ठोके पाठवायचे, तिथे मधे बसवलेली चिप तीन-चार जास्त घालते. मीटर खरा, सील शाबूत, वरचा आकडा खोटा. 2017 मध्ये आधी लखनौला आणि मग आपल्याकडे ठाण्याच्या पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा असल्या चिपा मोठ्या संख्येने बाहेर आल्या. काही ठिकाणी तर रिमोट होता. तपासायला कोणी आलं की बटण दाबून चिप झोपवायची. त्यानंतर नव्या मशीनांत पल्सर उघडला की मशीन अडून बसेल अशी इलेक्ट्रॉनिक कुलपं आली, आमच्यासारख्यांनाही आता कॅलिब्रेशनला हात लावायला संकेतांक मागून घ्यावा लागतो. चोरी संपली असं मी म्हणणार नाही, पण पूर्वी जे काम एका स्क्रू-ड्रायव्हरने व्हायचं त्याला आता चार जण फितवावे लागतात.

चिपवाल्यांची अक्कल कुठवर जाते बघा. 1998 मध्ये अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, एक प्रकरण उघडकीला आलं. तिथले निरीक्षक 5 आणि 10 गॅलनवर माप तपासतात हे ठाऊक असल्याने चिप अशी लिहिली होती की बरोबर 5 आणि 10 गॅलनला आकडा जुळावा आणि मधल्या मापांना चोरी व्हावी. आपल्याकडे पाच लिटरवर तपासतात. यावरून मी माझी पद्धत बदलली, ती पुढे सांगतो.

तर, पाच लिटरचं माप. प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही मागितलं तर त्यातून तपासून दाखवावं लागतं, पैसे न घेता. पेट्रोल नंतर टाकीत परत ओततात, त्यामुळे मालकाचं जात काही नाही. भांडं असतं निमुळत्या गळ्याचं, गळ्याशी काचेची उभी पट्टी, मधोमध शून्याची रेघ, वर-खाली मिलीच्या खुणा. मुभा पाच लिटरला 25 मिली, वर किंवा खाली. 25 मिली म्हणजे किती? कटिंगचा ग्लास निम्माही भरणार नाही. शंभराच्या दराने अडीच रुपये. मायनस 10, मायनस 15 आलं तर ते मुभेतलं आहे, त्यावर भांडू नका. मायनस 25 च्याही खाली गेलं तर त्या नोझलवरची विक्री बंद व्हायला हवी. मी मशीन सोडताना काटा शून्यावर ठेवतो. मायनस 20 वर ठेवून द्या म्हणणारे मालक भेटले आहेत. नियमात बसतं, पण दर महिन्याला किती साचतं ते त्यांनाही कळतं आणि मलाही.

आता इथे लोक फसतात ते असं, की माप आलं, पेट्रोल भरलं, रेघेला टेकलं, खूश होऊन गेले. माप खरं आहे का ते कोणी बघत नाही.

कुडाळच्या पुढे एका पंपावर, नाव नको, एका टेम्पोवाल्याची आणि मॅनेजरची जुंपली होती. मी डिझेलच्या मशीनवर काम करत होतो. टेम्पोवाला म्हणत होता कमी देता, मॅनेजरने माप आणून भरून दाखवलं, उलट प्लस 30. टेम्पोवाल्याचं तोंड एवढंसं झालं. प्लस 30 ऐकून मी मान वर केली, कारण कुठला मालक 30 जास्त देतो? माप उचलून बुडाखाली हात फिरवला तर हाताची चार बोटं मावतील एवढा पोचा. म्हटलं, हे काय? मॅनेजर म्हणाला, ‘अहो, तां माप गेल्या पावसात पडलां हुतां.’ पोचा आत गेला म्हणजे भांडं लहान झालं. लहान भांड्यात तेच पेट्रोल वर चढतं आणि जास्त दिल्यासारखं दिसतं. पोचलेल्या मापाने पंप नेहमी उदार ठरतो. दुसऱ्या पंपावरून धड माप आणून भरलं तेव्हा मायनस 35 आलं. मुद्दाम पोचवलं होतं की खरंच पडलं होतं, मला सांगता येणार नाही. नोझल बंद केलं, निरीक्षकाला कळवलं.

तेव्हा माप हातात आलं की आधी रिकामं उचलून बघा. बूड, बगला, सगळीकडून हात फिरवा. खात्याचा शिक्का आणि वर्ष बघा, मापाचीही पडताळणी होत असते. काचेची पट्टी सैल किंवा तडकलेली नको.

मग ते एकदा भरून ओतून घ्यायचं. माप ओलं असताना शून्यावर येतं असं बनवलेलं असतं. कोरड्या मापात थोडं पेट्रोल भांड्याच्या अंगालाच लागतं आणि पंप विनाकारण कमी दिसतो, म्हणजे मालकावर अन्याय. पण ओततानाची घाई तुमच्या विरुद्ध जाते. पंपावरचा पोरगा माप उपडं करतो, धार तुटली की लगेच सरळ करतो, आत वीस-पंचवीस मिली राहतं आणि पुढच्या भरण्यात ते पंपाच्या खात्यात जमा होतं. धार तुटून थेंब सुरू झाले की अर्धा मिनिट तसंच उपडं धरायला सांगा. या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या दिवसांत देवगडजवळ एका पंपावर संध्याकाळी उशिरा, पावसात, उरकायच्या घाईत माप नीट निथळू दिलं नाही. मला दिसलं प्लस 15, म्हणून मी चाकी फिरवून ते शून्यावर आणलं. म्हणजे खरं मायनस 15 करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले, त्यांनी माप उपडं धरलं आणि मला थेंब मोजायला लावले. मोठ्याने. पंपावरची सगळी पोरं बघत होती.

भरताना माप सपाट जागेवर हवं. पंपाच्या फरशीला उतार असतो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. ती जागा टाळा. सपाट ठिकाणी ठेवून, फेस बसू द्या (डिझेलला जरा वेळ लागतो), डोळा रेघेच्या पातळीत आणून वाचा. उभ्याने वरून बघितलं तर पाच-दहा मिलीचा गोंधळ होतो. पातळी कडांना वर चढलेली दिसते, मधली खालची रेघ धरायची.

आता माझी बदललेली पद्धत. पोरगा पाच लिटरचं बटण दाबून मशीनला आधीच सांगतो की आता पाच हवेत. ते करू देऊ नका. हाताने सोडायला सांगा, मापाच्या शून्य रेघेशी थांबवा आणि मग डिस्प्ले वाचा. 4.98 ते 5.02 च्या आत असेल तर माप ठीक. म्हणजे पंपाच्या आकड्यावरून माप बघण्याऐवजी मापावरून पंपाचा आकडा बघायचा. दोनदा करा: एकदा पूर्ण जोराने, एकदा अर्ध्या दाबाने. आणि ज्या नोझलने तुमच्या गाडीत भरलं त्याच नोझलने. एका मशीनला चार नोझल असतात, प्रत्येकाचा मीटर आणि पल्सर वेगळा. ‘या, इकडच्या मशीनवर दाखवतो’ म्हणत असेल तर नाही म्हणा. माप मागितल्यावर कोणी धावत ऑफिसात गेलं आणि मग पाच मिनिटांनी ‘आता बघा’ म्हणाले, तर त्या पाच मिनिटांची नोंद डोक्यात ठेवा. रिमोट असेल तर तो तिथेच असणार.

रांगेत उभं राहून गणपतीच्या आदल्या रात्री हे करायला जाऊ नका. मागचे लोक तुमचाच उद्धार करतील. दुपारी दोन-तीनला पंप मोकळा असतो, तेव्हा जा. शब्द गोड ठेवा. ‘जरा पाच लिटरचं टेस्टिंग दाखवता का’ म्हटलं तर धड पंपावर कोणी कपाळाला आठी घालत नाही, ते स्वतःच सकाळी दर नोझलचं टेस्टिंग करून वहीत लिहितात. ती वही बघायला मागा. रोज शून्य, शून्य, शून्य लिहिलेलं असेल तर न करताच लिहिलंय. खरं मशीन एवढं शहाणं नसतं, त्याचे आकडे पाच-दहाने हलतात.

मामांच्या हजार लिटरचं. पाच लिटरला 25 मिलीची मुभा म्हणजे बोटीच्या हजार लिटरला पाच लिटर, आणि हंगामभराच्या खेपा धरल्या तर ते मोजण्यासारखं होतं. पण हर्णै असो की मिरकरवाडा की वेंगुर्ला, तिथली बरीचशी मशीनं मच्छीमार सोसायट्यांची, डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीच्या कागदांवर मिळतो, त्यामुळे पंप बदलणं तुमच्या हातात नसतं. म्हणून तपासणी जास्त महत्त्वाची. दोन गोष्टी सांगतो. एक, बंदरावरची मशीनं मोठ्या धारेची असतात, ती त्याच पूर्ण धारेत तपासली पाहिजेत. हळू धारेत बरोबर येणारं मशीन जोरात वेगळं बोलू शकतं. दुसरी गोष्ट 1 जून ते 31 जुलैच्या बंदीची. दोन महिने मशीन जवळपास पडून असतं, खालचा वाल्व गळून पाइपातलं डिझेल टाकीत उतरतं, पाइपात हवा शिरते. 1 ऑगस्टला पहाटे पहिली बोट लागते आणि पहिल्या धारेत हवा मोजली जाते. हवा वेगळी करणारं भांडं बरीचशी अडवतं, सगळी नाही. डिझेल फसफसत, धक्के देत येत असेल तर ती हवाच. हा कोणाचा डाव नसतो, पण पैसे तुमचेच जातात. तेव्हा मामांना सांगा, हंगामाच्या पहिल्या दिवशी आधी मापात दोन-तीन वेळा भरून टाकीत परत ओतायला लावा, धार एकसंध झाली की मग बोटीचा पाइप जोडा. बॅरल मोजायला वापरू नका. दोनशे लिटरचं म्हणतात ते बॅरल काठापर्यंत त्याहून जास्त घेतं, आणि बंदरावर पोचा नसलेलं बॅरल मी अजून पाहिलेलं नाही. पावसाळ्यानंतर टाकीत पाणी उतरलंय का हे सोसायटीच्या माणसाकडून काठीला पेस्ट लावून बघून घ्या, पण तो मापाचा नाही, मालाच्या प्रतीचा प्रश्न झाला. डेन्सिटी आणि फिल्टर पेपरची चाचणीही तुम्ही पंपावर मागू शकता. पण डेन्सिटी जुळली म्हणजे माप बरोबर असं काही नाही.

माप मायनस 25 च्या खाली आलंच, तर आवाज चढवू नका. पावती घ्या, त्यावर मशीन आणि नोझलचा क्रमांक, वेळ, लिटर असतात. तक्रारवही मागा आणि आकड्यासकट लिहा: ‘नोझल 3, दोनदा तपासलं, मायनस 40 आणि मायनस 45’. ‘लुटतात’ असं लिहून कोणी हलत नाही, मायनस 45 लिहिलं की हलतात. सोबतच्या माणसाची सही घ्या. व्हिडिओ काढायचा तर मशीनपासून लांब उभं राहून काढा. पैसे द्यायला मोबाइल चालतो आणि शूटिंगला चालत नाही, हा न्याय मलाही कळलेला नाही, पण वाद तिथे नको. मग जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयाला, तेल कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला कळवा, शक्यतो त्याच दिवशी. निरीक्षक स्वतःचं माप घेऊन येतो. चार दिवस गेले तर तोवर माझ्यासारखा कोणी येऊन चाकी फिरवून गेलेला असतो. पडताळणीचं प्रमाणपत्र पंपावर लावलेलं असतं, त्यावरची तारीख जाता जाता बघून ठेवा.

तुमच्या त्या महामार्गावरच्या पंपाबद्दल: तिथे काय झालं हे आता सांगता येणार नाही, पण 38.4 लिटरमध्ये मला संशयाचं काही दिसत नाही. परत मुंबईला जाताना तिथेच थांबा, त्याच नोझलवर, दुपारच्या वेळी. आणि माप आणून दिलं की भरायच्या आधी त्याच्या बुडाशी एकदा हात फिरवा.